बिनपदाचं नाव

माईक हातात आला की आप्पा त्यावर तीनदा टिचकी मारायचे, मग मान लांब करून पार मागं बघायचे आणि विचारायचे, "शेवटच्या रांगेला ऐकू येतंय का?"

शेवटची रांग कधीच उत्तर द्यायची नाही, कारण शेवटच्या रांगेत वडापावचं वाटप चालू असायचं. तरी आप्पा थांबायचे. स्टेजवरचा नेता घड्याळ बघतोय, तालुकाध्यक्ष खुणा करतायत, आणि आप्पा आपले मागं बघतायत. एकानं तरी हात वर केला की मगच "सन्माननीय व्यासपीठ" सुरू व्हायचं.

तुम्ही आमच्या मुळशीत एखाद्या सभेला, लग्नाला नाहीतर दशक्रियेला कधी गेला असाल, तर असा एक तरी माणूस तुम्ही पाहिलाच असणार. नावं घेणारा माणूस. भाषण दुसरा करतो, हार तिसरा घालून घेतो, हा नुसती नावं घेतो. पिरंगुटच्या एका कंपनीत स्टोअरला नोकरी करून आप्पा निवृत्त झाले होते आणि पंचवीस वर्षं आमच्या पक्षाची नावं घेत होते. पक्ष राज्यापुरता. दिल्लीत आमचं कोण ऐकत नाही, असं आमचेच लोक चहा पिताना म्हणतात. पण भरे, पिरंगुट, कासारसाई या पट्ट्यात त्याचा झेंडा नाही असा चौक नव्हता.

सभा सुरू झाली की खालून चिठ्ठ्या यायच्या. यांचं नाव घ्या, त्यांचं राहिलं, हे आत्ताच आलेत. आप्पांच्या शर्टाचा खिसा सभेच्या शेवटी इतका फुगायचा की छातीवर उशी बांधल्यासारखी दिसायची.

आणि त्यांचा एक नियम होता. नुसतं नाव घ्यायचं नाही. ते म्हणायचे, "बिनपदाचं नाव घेतलं की माणूस चारचौघात उघडा पडतुया." आता पदं किती असणार? सरपंच एक, चेअरमन एक, पोलीस पाटील एक. बाकीच्यांचं काय? बाकीच्यांना आप्पा 'भावी' द्यायचे. भावी सरपंच, भावी चेअरमन, भावी सभापती. एकाच गावात त्यांनी एका सभेत सहा भावी सरपंच केले आणि सहाही जण खुशीत घरी गेले. मला ते 'भावी कलाकार' म्हणायचे. मी चार वर्षं नकला करून पोट भरत होतो, तरी भावीच.

स्वतःचं नाव मात्र त्यांनी माईकवरून कधी घेतलं नाही. म्हणून मीही ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर म्हणतील, "तेवढ्या जागंत आजून एक मान्यवर बसला असता की."

आमची ओळख झाली ती माझ्या आगाऊपणामुळं. पिरंगुटच्या एका चहाच्या टपरीवर मी पोरांना आप्पांची नक्कल करून दाखवत होतो. मान लांब, तीन टिचक्या ग्लासवर, शेवटच्या रांगेला ऐकू येतंय का, सगळं. पोरं हसता हसता एकदम गप्प झाली. मागं वळून बघितलं तर आप्पा उभे. मला वाटलं, आता कानाखाली बसतेय.

ते म्हणाले, "मान्यवरच्या आधी श्वास घेत जा. तू मधी घेतुयास. परत कर."

मी परत केली.

"आता बरूबर. उद्या सभेला ये. सायेब दोन तास उशिरा येणार हायेत. लोकं धरून ठेवायला पायजेत."

तेव्हापासून साहेब येईपर्यंत मी नकला करायचो आणि साहेब आल्यावर आप्पा नावं घ्यायचे. त्यांच्याबद्दलच्या अफवाही मीच उठवायचो. एका दशक्रियेला पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांकडं बघून आप्पांच्या तोंडून 'भावी कैलासवासी' निघून गेलं, ही तालुकाभर फिरलेली गोष्ट माझी आहे. आप्पांना कळलं तेव्हा म्हणाले, "म्हणालो न्हाई. पण दोघंजण मनात आले होते."

मग पक्ष फुटला. फुटला मुंबईत, काचा पडल्या आमच्या चौकात. एका बॅनरवर सोळा चेहरे असायचे, ते दोन बॅनरवर वाटले गेले. आमच्या वाट्याला पाच आले, त्यातला एक दिवंगत. आप्पांना तिकडून निरोप होते. तिकडं स्टेज मोठं, माईक कॉर्डलेस. आप्पा गेले नाहीत. का गेला नाहीत म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "तिकडं सगळ्यांना पदं हायेत. मी काय करू तितं?"

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो.

पंचायत समितीची निवडणूक तोंडावर होती. भरे गावात आमची सभा होती आणि खुर्च्या जास्त, माणसं कमी अशी अवस्था. त्यात बौद्धवस्तीतल्या पंधरा-वीस बायका आल्या, त्यांना घेऊन आल्या होत्या शोभाताई. पिरंगुटच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करायच्या. बोलणं कमी, नजर सरळ. त्यांनी एक चिठ्ठी वर पाठवली. चिठ्ठीत लिहिलं होतं की वस्तीत चार दिवस पाणी नाही, सभेत विषय घ्यावा. खाली सही, शोभा.

पण आप्पांना पंचवीस वर्षांचं वळण. चिठ्ठी म्हणजे नाव. त्यांनी वरचं काही न वाचता थेट खालचं नाव उचललं, पद दिसलं नाही, म्हणून आपल्याकडचं दिलं.

"आपल्या गणाच्या भावी पंचायत समिती सदस्या, शोभाताई, यांचं मी मनापासून स्वागत करतो."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. शोभाताई उभ्या होत्या तिथंच थांबल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. शोभाताई आल्या. हातात प्लॅस्टिकची फाईल.

"आप्पा, कागदं बघून घ्या. आधार हाय, यादीतला नंबर हाय, धाव्वीचा दाखला हाय. आजून काय लागतं?"

"कशाला?"

"सदस्य व्हायला."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"अवो शोभाताई, ते स्वागत असतंय. तसं म्हणायची पद्धत हाय."

"म्हंजे खोटं असतंय?"

"खोटं न्हाई. चांगलं असतंय."

"मग चांगलं खरं करू की."

आप्पा खाली बघत म्हणाले, "तुमची चिठ्ठी पाण्याची होती. घरी येऊन वाचली मी. माझी चूक झाली. ग्रामसेवकाशी बोलतो मी पाण्याचं."

"पाण्याचं ऱ्हाऊ द्या. ते मी निवडून आल्यावर बघते. दोन वर्षं झाली, हरेक सभेला चिठ्ठी देतीया मी. तुमी पयल्यांदा वाचली, ती बी अर्धी." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "माझ्या सासूनं काल चार घरी सांगितलंय. तिला जाऊन काय सांगू? आप्पा नुसतंच बोलले म्हनून?"

आप्पांनी फाईल मांडीवर घेतली. एकेक कागद उलटा करून, सुलटा करून बघितला. मग म्हणाले, "रेशन कार्डाची बी झेरॉक्स लावा."

ताई गेल्यावर मी त्यांच्याच आवाजात म्हणालो, "भावी अडचणीत आलेले आप्पा यांचं मी मनापासून स्वागत करतो." ते हसले नाहीत. म्हणाले, "गाडी काढ. पौडला जायचंय."

तर अडचण अशी होती. आमच्या गणाची, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघाची, जागा महिलांसाठी सुटली होती. सुटली त्याच दिवशी तालुकाध्यक्षांनी आपल्या बायकोचा पासपोर्ट साईज फोटो काढून घेतला होता. पक्षाचं चिन्ह मिळायचं तर एबी फॉर्म लागतो आणि तो फॉर्म अध्यक्षांच्या ड्रॉवरमध्ये. तालुक्याच्या गावी, पौडला, अध्यक्षांचं प्लॉटिंगचं ऑफिस तेच पक्षाचं कार्यालय. भिंतीवर एका बाजूला नेत्यांचे फोटो आणि दुसऱ्या बाजूला एनए प्लॉटचे नकाशे.

आप्पांनी सगळं सांगितलं. अध्यक्ष खुर्चीत मागं रेलून हसले.

"आप्पा, तुमी माईकवर बोललेलं धरायला लागलो तर निम्मा तालुका आमदार व्हईल."

"निम्म्या तालुक्यानं कागदं न्हाई आणली. हिनं आणली."

"कोण वळखतं तिला?"

"तुमच्या वैनींना कोण वळखतं?"

"मला वळखतात ना."

"मग तुमी उभं ऱ्हावा. जागा बायांची हाय, तेवढी अडचण सोडली तर."

अध्यक्षांनी फोन कानाला लावला. फोन वाजलाच नव्हता. आम्ही उठलो.

गाडीवर मागं बसून आप्पा एकदाच बोलले. "मी इतकी वर्षं ज्याला त्याला वाटत गेलो. एकानं बी खरं मानलं न्हाई. मला बरं वाटायचं, बघ, की कोण मानत न्हाई." त्या आवाजाची नक्कल मला आजही जमत नाही.

आठवड्यानं पौडच्या एका मंगल कार्यालयात तालुक्याची बैठक होती. जिल्ह्याचे नेते येणार, उमेदवार ठरणार. नावं घ्यायला अर्थात आप्पा. शोभाताई मागं त्यांच्या बायकांबरोबर बसल्या होत्या, कँटीनची सुट्टी टाकून. मला काय होणार याचा काहीच अंदाज नव्हता. आप्पांनी टिचक्या मारल्या, शेवटच्या रांगेला विचारलं. शेवटच्या रांगेतून शोभाताईंचा हात वर गेला.

आणि आप्पांनी नुसती नावं घ्यायला सुरुवात केली.

पहिलं तालुकाध्यक्षांचं. फक्त नाव आणि आडनाव. पुढं नाही, मागं नाही. मग उपाध्यक्षांचं. मग युवकांच्या अध्यक्षांचं. भावी नाही, लाडके नाही, झुंजार नाही. शाळेत हजेरी घेतात तशी. लोक एकमेकांकडं बघायला लागले. पाच-सहा नावं झाली तोवर पोहे वाटणारी पोरंही प्लेटा हातात धरून उभी राहिली. एक माजी सरपंच तर चक्क "हजर" म्हणाला.

जिल्ह्याच्या नेत्यांनी वाकून विचारलं, "आप्पा, तब्येत बरी आहे ना?"

माईक चालूच होता. "बरी हाय सायेब. भावी संपले. एकच शिल्लक होता, तो भरे गावच्या सभंत शोभाताईंना दिलाय. त्याचं काय व्हतंय ते आधी ठरू द्या. त्याशिवाय दुसऱ्या कुणाला द्यायला माझी जीभ उचलत न्हाई."

अध्यक्ष म्हणाले, "आप्पा, ही नाटकं घरी करा."

आप्पांनी शांतपणे पुढचं नाव घेतलं. "वंदना." आणि अध्यक्षांचं आडनाव.

ही वंदना कोण, हे निम्म्या हॉलला कळेना. त्या बाईंना आमच्याकडं सगळे वहिनी म्हणतात आणि माईकवर त्या 'अध्यक्षांच्या सौभाग्यवती'. नुसती वंदना कुणी ऐकलीच नव्हती. पहिल्या रांगेत त्या पदर सारखा करत उठल्या.

"माझं नाव घेतलं का?"

"घेतलं."

"मग मी बोलू का?"

आप्पा स्टेजवरून खाली उतरले आणि माईक त्यांच्या हातात दिला. वहिनींनी तो जरा लांबच धरला.

"मला न्हाई उभं ऱ्हायचं. मला घरात बी कुणी विचारलं न्हाई न् हितं बी न्हाई. सही कुटं करायची तेवढं सांगितलं. त्या बाई कागदं घेऊन फिरतायत, त्यांना द्या की. मी त्यांच्या प्रचाराला येईन, पण मिटिंगांना बसायचं मला जमायचं न्हाई."

एवढं बोलून त्या बसल्या. अध्यक्ष मोबाईलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचत होते. मी बघितलं, स्क्रीन बंद होता.

जिल्ह्याच्या नेत्यांनी शोभाताईंना पुढं बोलावलं. विचारलं, "काय करणार निवडून येऊन?" ताई म्हणाल्या, "पाण्याची लाईन." "आणि?" "आधी लाईन. आणि नंतर सांगते." पाच चेहऱ्यांच्या बॅनरवाल्या पक्षाला नाही म्हणायची फारशी ऐपत नसते. फॉर्म त्यांच्या हातात पडला. आप्पांनी मग राहिलेली नावं घेतली, तीही नुसतीच. जाताना मला म्हणाले, "आता भ्या वाटतंय रं. आजून कुणी फाईल घेऊन आलं म्हंजे?"

प्रचारात आम्ही कासारसाईच्या बाजूच्या एका मोठ्या सोसायटीत गेलो. गेटवर गार्डनं अडवलं. "किससे मिलना है?" शोभाताई म्हणाल्या, "सबसे." तो इतका गोंधळला की गेट उघडलं. वर आयटीवाली मंडळी. कुणी लातूरचं, कुणी अकोल्याचं. ती आम्हाला पाणी पाजून वाटेला लावणार होती. एकीनं ग्लास पुढं करत म्हटलं, "टँकरचंच आहे हं, फिल्टर केलेलं." शोभाताईंनी ग्लास खाली ठेवला. "तुमाला बी टँकर लागतो?" मग तासभर दोघी जमिनीवर बसून बोलत होत्या. किती दिवसाआड, कुठल्या बाजूनं, व्हॉल्व्ह कुणाच्या हातात. तिथून निघालो तेव्हा चार लॅपटॉपवाल्या बायका पुढच्या बिल्डिंगला आमच्याबरोबर चालत आल्या. मी विरोधी नेत्याची नक्कल करून त्यांना हसवायला गेलो, तर ताई म्हणाल्या, "नकला मागनं. आधी ह्या स्लिपा वाट." मी वाटल्या.

रिक्षातून आप्पांचा आवाज फिरायचा. पंचवीस वर्षं अर्धा-अर्धा तास नावं घेणारा माणूस, आता एवढंच बोलायचा, "शोभाताई उभ्या हायेत. पाण्यासाठी उभ्या हायेत." मग थोडा थांबून तेच परत.

मतमोजणीला आप्पा आत आले नाहीत. पौडच्या त्या गर्दीत एका हॉटेलच्या बाकड्यावर रस्त्याकडं पाठ करून बसले होते. समोरच्यांनी एकदा फेरमोजणी मागितली, तीही झाली. मी पळत पळत गेलो आणि सवयीनं त्यांच्याच आवाजात सुरू केलं, "सन्माननीय..."

त्यांनी हात वर केला. "न्हाई. तुझ्या आवाजात सांग."

मी म्हणालो, "आल्या आप्पा. थोडक्यात, पण आल्या."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत लावला. पुसल्यावर काच आधीपेक्षा धूसर दिसत होती. मग म्हणाले, "सासूला कळवलं का तिच्या? आधी तिला कळव."

आता आप्पा आमच्यात नाहीत, म्हणजे सूसला आहेत. गुडघ्यांनी दगा दिला तशी लेकीनं नेलं. अकरावा मजला, लिफ्ट, बाल्कनीतून बाणेरचे दिवे. सूस आता महानगरपालिकेत, त्यामुळं त्यांचं मतही आमच्यातून गेलं. सभेत माईक माझ्याकडं आलाय. लोक म्हणतात, डिट्टो आप्पा. डिट्टो नाही. नावं मी घेतो, पण ज्याचं काम माहीत नाही त्याला आधी खाली जाऊन विचारून येतो, तू काय करतोस म्हणून. सभेला त्यानं वेळ लागतो. साहेब वैतागतात. चिठ्ठ्या मी पूर्ण वाचतो.

पण तुम्हाला सांगायचंय ते आप्पा सूसला जायच्या चार दिवस आधीचं. वस्तीच्या पाईपलाईनचं खोदकाम सुरू झालं होतं. रस्त्याच्या कडेनं चर, त्यात लाल माती, काठावर निळ्या पाईपांचा ढीग. शोभाताई कँटीनची शिफ्ट संपवून तशाच आल्या होत्या, बोटांना पीठ. ठेकेदाराचा माणूस त्यांना समजावत होता की दीड फूट खोली पुरते, सगळीकडं दीडच असते. ताईंनी पोराच्या शाळेच्या दप्तरातली पट्टी आणली होती. त्या चरात उतरल्या आणि मोजायला लागल्या.

कुणीतरी मला म्हणालं, एवढी माणसं जमलीत, आप्पांना दोन शब्द बोलायला सांग. आप्पा पाईपांच्या ढिगावर चपला काढून बसले होते. मी जाऊन सांगितलं. त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"गप. ती बोलतीया."

खालून शोभाताईंचा आवाज येत होता. तीन फूट लिहिलंय कागदावर, तर तीन फूटच. वरनं टेम्पो जातो, पाईप फुटला तर परत मीच यायचं का तुमच्या दारात? ठेकेदाराच्या माणसानं हातातला कागद उलगडला, पुन्हा घडी घातली, आणि खोदणाऱ्याला म्हणाला, "घे अजून खाली."

कुदळ परत सुरू झाली. आप्पा मान लांब करून चरात बघत होते.